स्नायू झिजलेल्या वडिलांच्या पापण्या सैल पडल्यात आणि डोळे गळतात, याचा एकमेकांशी संबंध आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७८ वर्षांचे. दीड वर्षात वजन ९ किलोने उतरलं. खुर्चीतून उठताना हातांचा रेटा द्यावा लागतो, डॉक्टरांनी कागदावर 'सार्कोपेनिया', म्हणजे वयाने होणारी स्नायूंची झीज, असं लिहून दिलंय. त्याच काळात डोळे लाल राहू लागले, दिवसभर पाणी गळतं, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, उजवी वरची पापणी खाली आलीय. तीन प्रकारचे थेंब वापरून झाले, फरक शून्य. पायांचे स्नायू झिजले तसेच पापण्यांचेही झिजले असतील का, आणि पापण्यांना काही व्यायाम असतो का?

पापण्या आणि अश्रू हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. संबंध आहे, पण तुम्ही शोधताय त्याच्या दोन घरं पलीकडे.

पापणी मिटणारा स्नायू वेगळा, उघडणारा वेगळा. मिटणारा डोळ्याभोवती कड्यासारखा असतो. उघडणारा खोबणीच्या आतून येतो आणि एका पातळ, रुंद कंडरेने, म्हणजे स्नायूच्या टोकाच्या चिवट दोराने, वरच्या पापणीला धरतो. डोळ्याच्या खोबणीतल्या स्नायूंची घडण मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूंपेक्षा बरीच निराळी. डुशेनसारख्या जन्मजात स्नायूविकारात मुलाचे हातपाय पार गळून जातात, तरी डोळा फिरवणारे स्नायू बहुतेक शाबूत राहतात. त्यामुळे 'मांडी बारीक झाली, म्हणजे पापणीही तशीच झिजली असणार' हा हिशेब जुळत नाही. मिटणारा स्नायू वयाने थोडा मंदावतो, हे खरं. पण म्हातारपणी पापणी सैल पडते ती मुख्यतः कंडरा आणि कातडीतले तंतू ताणले गेल्यामुळे. खालची पापणी म्हणजे दोन खिळ्यांना बांधलेली वाळत घालायची दोरी समजा. वर्षानुवर्षं ताण सोसून दोरी मध्ये झोल खाते. खिळे आहेत तिथेच असतात.

मग वजन उतरण्याशी याचा काय संबंध? डोळा खोबणीत चरबीच्या गादीवर बसलेला असतो. माणूस वाळला की ही गादीही पातळ होते आणि डोळा आत जातो. 'डोळे खोल गेले' असं आपण म्हणतो ते शब्दशः खरं असतं. पापणी डोळ्याला टेकून उभी असते. मागचा टेकू मागे सरकला की आधीच सैल झालेल्या पापणीला आधार उरत नाही. मग ती बाहेर वळते, आत वळते किंवा डोळ्यापासून किंचित सुटून राहते. आत वळली तर पापण्यांचे केस दर उघडझापेला बुबुळावर घासतात, आणि हे तातडीचं काम असतं. बाहेर वळली तर त्रास हळूहळू वाढतो.

घरी एक साधी गोष्ट करून पाहा. हात स्वच्छ धुऊन खालची पापणी हलकेच खाली ओढा आणि सोडा. त्यांना डोळा मिटू देऊ नका. पापणी चटकन जागेवर बसली तर ठीक. तशीच लोंबत राहिली आणि पुढच्या वेळी डोळा मिटल्यावरच बसली, तर दोरी सैल आहे.

आता पाणी गळण्याबद्दल. यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण 'डोळे कोरडे आहेत' म्हटलं की घरचे म्हणतात, अहो डॉक्टर, धारा लागल्यात आणि कोरडे कसले! बुबुळावर अश्रूंचा जो थर असतो तो मिलिमीटरच्या हजार भागांपैकी फार तर तीनेक भाग इतका पातळ. त्याच्यावर तेलाचा आणखी पातळ पापुद्रा असतो. हे तेल पापणीच्या कडेतल्या मायबोमियन ग्रंथींमधून येतं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिक मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, त्यांचंच नाव चिकटलं. डोळा पूर्ण मिटतो तेव्हा या ग्रंथींवर दाब येऊन तेल बाहेर ढकललं जातं. डोळा अर्धवट मिटत असेल तर तेल आतच साचतं, घट्ट होतं आणि टूथपेस्टसारखं होऊन बसतं. वर तेल नसलेलं पाणी भराभर उडून जातं, बुबुळ चुरचुरतं, आणि ती चुरचूर शमवायला मोठी अश्रुग्रंथी एकदम भरमसाट पाणी सोडते. ते पाणी टिकत नाही, गालावरून वाहून जातं. म्हणजे डोळा कोरडा, म्हणूनच गळतोय.

दुसरं कारण निचऱ्याचं. पापणीच्या नाकाकडच्या टोकाला बारीक छिद्र असतं, तिथून अश्रू नाकात उतरतात. पण ते नुसते वाहत जात नाहीत. दर उघडझापेला मिटणारा स्नायू त्या नळीला दाबतो आणि सोडतो, पंपासारखा. पापणी सैल झाली की पंप ढिला पडतो. ती बाहेर वळली की छिद्र अश्रूंच्या तळ्यात बुडण्याऐवजी हवेत तोंड करून राहतं. त्यात भर म्हणून आजोबा दिवसातून पन्नासदा रुमालाने डोळा पुसतात, आणि तोही खाली ओढत. प्रत्येक पुसण्याने पापणी आणखी बाहेर. त्यांना आजच सांगा की पुसायचं ते खालून वर, नाकाच्या दिशेने, आणि टिपायचं, घासायचं नाही.

तीन थेंब वापरूनही फरक का पडला नाही, याबद्दल माझा एक ठाम संशय आहे. मी वयस्कर पेशंटना तपासणीच्या खोलीत त्यांच्याच बाटलीतून माझ्यासमोर थेंब घालायला सांगते. एक गृहस्थ तीन महिने दिवसातून चार वेळा, एकदाही न चुकता, थेंब घालत होते. वही आणली होती, प्रत्येक वेळेला बरोबरची खूण. त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरली, कोपरं वर उचलली, मान मागे न्यायचा प्रयत्न केला. ती गेली जेमतेम दोन बोटं. मग दाबायला सुरुवात केली. दाबता दाबता ओठ आवळले, भुवया आवळल्या, शेवटी डोळेही घट्ट मिटले. थेंब पडला तो गालाच्या हाडावर. 'गेला एक,' म्हणाले आणि वहीत खूण करायला पेन शोधू लागले. मुठीत जोर नव्हता. वर मीच त्यांना परिरक्षक (औषध टिकवण्यासाठी घातलेलं रसायन) नसलेले थेंब लिहून दिले होते, आणि अशा बऱ्याच बाटल्यांच्या तोंडाशी झडप असते, ती दाबायला साध्या बाटलीपेक्षा जास्त बळ लागतं. औषध योग्य होतं. ते डोळ्यात एकदाही गेलं नव्हतं.

सार्कोपेनिया आणि डोळा यांचा सगळ्यात मोठा संबंध मला इथे दिसतो. झिजलेला स्नायू पापणीत शोधत बसण्यापेक्षा पंज्यात, खांद्यात आणि मानेत शोधा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांत पुरुषांची मुठीची ताकद २८ किलोच्या खाली आणि बायकांची १८ किलोच्या खाली असेल तर ती कमी धरतात. खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तरी पुढची तपासणी करावी असं सांगितलंय. वडिलांच्या कागदांत मुठीचा आकडा असेल तर तो डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. फार कमी जण तो आमच्यापर्यंत आणतात.

उपाय सोपे आहेत. थेंब झोपून घालायचे, उशी मानेखाली, म्हणजे मान मागे न्यायचा प्रश्नच मिटतो. खालची पापणी बोटाने खाली ओढून जी खोबण होते तिथे थेंब टाकायचा, बुबुळावर नेम धरायची गरज नाही. बाटलीवर बसवायची प्लॅस्टिकची पकड मिळते, ती संपूर्ण मुठीने दाबता येते. नाहीतर सरळ घरातल्या कुणीतरी घालावेत. वृद्धांना याचा संकोच वाटतो, पण तीन महिने गालाला औषध पाजण्यापेक्षा तो बरा. फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही असं वेष्टनावर लिहिलेलं असेल तर बाटली गार करा. गार थेंब पडला की कळतं, नाहीतर पडला की नाही या शंकेने माणूस तीन-चार टाकतो. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर परिरक्षक नसलेलेच घ्या. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं परिरक्षक दीर्घकाळ वापरलं तर बुबुळाच्या पृष्ठभागाला इजा करतं. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर तेही याच हिशेबात धरा.

रात्रीचं मलम हा माझ्या मते दुधारी उपाय आहे. डोळा झोपेत पूर्ण मिटत नसेल तर मलमासारखा आराम नाही. पण मलमाने अर्धा-पाऊण तास तरी धुरकट दिसतं, आणि मांडीत जोर नसलेला माणूस मलम लावून रात्री लघवीला उठला की पडतो. डोळा वाचवताना खुबा मोडायचा नाही. म्हणून मलम लावायचं ते सगळं आटोपून अंथरुणात पडल्यावर. जाण्याच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवायचा. तरी धाकधूक वाटत असेल तर मलमाऐवजी घट्टसर जेल.

झोपेत डोळा मिटतो की नाही हे त्यांना विचारून कळणार नाही. ते झोपल्यावर टॉर्चचा उजेड तिरका धरून तुम्हीच पाहा. पापण्यांच्या फटीतून पांढरी रेघ दिसते का? त्रास सकाळी उठल्या उठल्या जास्त असेल तर रात्री उघडा राहणारा डोळा किंवा पापण्यांच्या कडांची सूज यांच्यावर संशय घ्यायचा. संध्याकाळकडे वाढत असेल तर दिवसभराच्या बाष्पीभवनावर. पंख्याचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर आधी तो वळवा. श्वासासाठी रात्री मास्क लावत असतील तर त्याच्या वरच्या कडेतून हवा डोळ्यांत गळते का, तेही पाहा.

सकाळी चिकटणाऱ्या पापण्यांसाठी शेक आणि स्वच्छता, दोन्ही नेमाने लागतात. शेकाचा उद्देश घट्ट झालेलं तेल वितळवणं हा आहे. त्यासाठी पापणीवर साधारण ४० अंश सेल्सिअसची ऊब दहा मिनिटं टिकायला हवी. गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटांत थंडावतं, आणि लोक तेच थंड फडकं धरून बसतात. गरम करता येणारा डोळ्यांचा मास्क त्याहून कामाचा. वृद्धांची कातडी पातळ असते, चटका उशिरा कळतो, म्हणून आधी तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. शेक झाला की वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, बोटाने हलकी निपटायची. डोळ्यावर दाब द्यायचा नाही. मग केसांच्या मुळाशी ओल्या कापसाने पुसायचं. केसांच्या मुळांना पारदर्शक नळकांड्यासारखी कोंड्याची वलयं दिसली तर ते डेमोडेक्स या सूक्ष्म किड्यांचं लक्षण, त्याचा उपचार वेगळा आहे. टी ट्री तेल घरच्या घरी डोळ्याजवळ लावू नका. त्याने भाजलेली बुबुळं मी पाहिली आहेत.

व्यायामाचं विचारलंत. डोळे सावकाश मिटा, दोन सेकंद थांबा, मग किंचित आवळा, उघडा. असं दहा वेळा, दिवसातून काही वेळा. अर्धवट उघडझापेची सवय यामुळे सुधारते आणि तेल बाहेर यायला मदत होते. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा डोळे मिटतो. वाचताना किंवा पडद्याकडे पाहताना हे प्रमाण निम्म्याच्याही खाली जातं, आणि पार्किन्सनच्या रुग्णांत ते एरवीसुद्धा घटलेलं असतं. पण या व्यायामाने ताणलेली कंडरा आखडत नाही. पापणी उचलण्याचे व्यायाम दाखवून पैसे घेणाऱ्यांपासून लांब राहा.

उजव्या वरच्या पापणीबद्दल मात्र मला काळजी वाटते. म्हातारपणी पापणी उतरते ती बहुधा उचलणाऱ्या स्नायूची कंडरा सुटल्यामुळे. स्नायूत जोर असतो, दोर निसटलेला असतो. अशा वेळी पापणीची घडी नेहमीपेक्षा वर गेलेली दिसते, माणूस भुवई चढवून किंवा हनुवटी वर करून पाहतो, आणि मान दुखते. हे वर्षानुवर्षं सावकाश होतं. पण वजन घटलेल्या माणसाची एकच पापणी उतरली की मी आधी तीन प्रश्न विचारते.

संध्याकाळी जास्त उतरते का, मधूनच एकाच्या दोन वस्तू दिसतात का, घास गिळताना किंवा बोलताना थकवा येतो का? मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा वापरता वापरता स्नायू थकवणारा आजार सत्तरीनंतरही सुरू होतो, आणि 'वय झालं, अशक्तपणा आहे' या पांघरुणाखाली महिनोन्महिने लपून राहतो. एक मिनिट सलग वर बघायला सांगा. पापणी हळूहळू घसरत गेली तर संशय घट्ट होतो. आम्ही मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवतो. त्यानंतर ती दोन मिलिमीटर किंवा अधिक वर आली तर चाचणी होकारार्थी. दोन्ही पापण्या उतरल्या असतील, गिळायला त्रास असेल आणि घराण्यात असं कुणाला झालं असेल तर डोळा-घसा यांच्या स्नायूंचा एक आनुवंशिक आजार डोक्यात ठेवावा लागतो. गिळता येत नाही म्हणून वजन उतरतंय आणि आपण त्याला नुसता सार्कोपेनिया म्हणतोय, असं घडू शकतं.

बाहुल्या सारख्या आहेत का? उतरलेल्या पापणीच्या बाजूची बाहुली बारीक असेल तर त्या बाजूची एक विशिष्ट मज्जातंतूंची वाट दुखावलेली असते. ही वाट छातीच्या वरच्या टोकाजवळून जाते. वजन घटलेल्या, विशेषतः धूम्रपान केलेल्या माणसात तिथली गाठ वगळल्याशिवाय मी पुढे जात नाही. बाहुली मोठी असेल, पापणी अचानक पडली असेल आणि डोकं ठणकत असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, इस्पितळ गाठा.

तिसरा प्रश्न कडेचा. एकाच डोळ्याची पापणीची सूज महिनोन्महिने बरी होत नाही, तिथले केस गळालेत, कड जाड झालीय, रांजणवाडी त्याच जागी परत परत येते, तर तुकडा काढून तपासायला हवा. तेलग्रंथींचा कर्करोग नेमका असाच, साध्या सुजेचा वेश घेऊन येतो.

औषधांची यादीही बाहेर काढा. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, वारंवार लघवीवरच्या काही गोळ्या, जुन्या प्रकारची नैराश्यावरची औषधं डोळे कोरडे करतात. स्वतःहून बंद करू नका. पर्याय आहे का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

शस्त्रक्रियेबद्दल. खालची पापणी घट्ट करायला तिचं कानाकडचं टोक सोडवून हाडाच्या आवरणाला पुन्हा ताणून शिवतात. ही पद्धत १९७९ पासून रूढ आहे, जागा बधिर करून होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. 'आधी ताकद येऊ दे, मग बघू' हा सल्ला केस बुबुळावर घासत असतील तेव्हा चुकीचा आहे. तोवर तात्पुरते टाके घालता येतात किंवा पापणी चिकटपट्टीने गालाकडे ओढून धरता येते. वरच्या पापणीची मात्र मी घाई करत नाही. कोरड्या डोळ्याची पापणी उचलली की उघडा भाग वाढतो. म्हणून आधी डोळ्याचा पृष्ठभाग सुधारायचा, झोपेत डोळा मिटतो का ते पाहायचं, बुबुळाची संवेदना तपासायची, आणि मगही जरा कमीच उचलायची. कंडरा सुटून उतरलेल्या पापणीसाठी ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झालेत. ते पापणीतल्या छोट्या, आपोआप चालणाऱ्या स्नायूला चेतवतात आणि काही तास उपयोगी पडतात. सुटलेला दोर ते बांधत नाहीत.

आहाराचं एवढंच. वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. सोबत वजनं किंवा रबरी पट्ट्यांचा, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हवा. नुसत्या प्रथिनांनी स्नायू बनत नाहीत. याने पापणी घट्ट होणार नाही, पण मुठीत बाटली दाबण्याइतका जोर आला तरी डोळ्यांचं अर्धं काम झालं. ओमेगा-३ च्या गोळ्यांवर माझा भरवसा कमी आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ड्रीम' या मोठ्या चाचणीत रोज ३,००० मिलिग्रॅम देऊनही ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा कोरड्या डोळ्यांना जास्त फायदा दिसला नाही.

एक धोका ध्यानात ठेवा. वयानुसार बुबुळाची संवेदना कमी होते. तरुण माणूस ज्या जखमेने तळमळेल तिच्यासह वृद्ध शांतपणे पेपर चाळत बसलेले असतात. दुखत नाही म्हणून बरं आहे असं धरू नका. बुबुळावर पांढरा ठिपका, उजेड सहन न होणं, एकाएकी अंधूक दिसणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

पुढच्या भेटीला जाताना सगळ्या बाटल्या, अर्धवट राहिलेल्याही, पिशवीत घालून न्या. औषधांची यादी न्या. झोपेत डोळा उघडा दिसला असेल तर मोबाइलवर काढलेला फोटो, आणि पाच-दहा वर्षांपूर्वीचा चेहरा स्पष्ट दिसणारा एखादा फोटोही. पापणी कधीपासून उतरलीय हे घरातल्या कुणालाच नक्की आठवत नाही. जुन्या फोटोत ते दिसतं.